वेड्या बाभळीचं फाटक

बालाजीरावांना कुणी "तुम्ही मराठी का?" असं विचारलं की ते आधी खुर्ची पुढे सरकवायचे आणि मग उत्तर द्यायचे. उत्तर लांबलचक असायचं. पूर्वज तंजावरला कधी आले, कोणत्या गल्लीत राहिले, आजोबांनी मद्रासला येऊन कुठल्या कचेरीत नोकरी धरली, सगळं त्यात यायचं. ऐकणारा बिचारा तोवर चुळबुळ करायला लागलेला असायचा. पण अलीकडे विचारणारंच कुणी उरलं नव्हतं. भवानीबाई होत्या तोवर वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर मराठी चालायची, भांडणंसुद्धा मराठीतच व्हायची. त्या गेल्या आणि घराची भाषा बदलली. मुलगी सहाना तमिळ बोलायची, जावई तमिळ, नात इंग्रजी. सहानाला मराठी कळत होती, पण बापाच्या मराठी प्रश्नाला उत्तर तमिळमध्ये यायचं. सकाळी देवापुढे बसले की बालाजीराव काय ते चार शब्द बोलून घेत, आणि देव काही उलट बोलायचा नाही.

तसा माणूस रिकामा नव्हता. बँकेत असताना त्यांनी तांबरमच्या पुढे, पडप्पैच्या वाटेवर, एक जमीन घेऊन ठेवली होती. तेव्हा तिकडे कुणी फिरकत नसे. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं, कारण आधीच्या मालकाने विटांसाठी माती उपसून जमिनीच्या मधोमध एवढा मोठा खड्डा करून ठेवला होता की त्यात एक बस मावली असती. खड्ड्याच्या कडेने मातीचे ढीग, ढिगांवर माणसाच्या कमरेइतकं गवत. उरलेल्या जागेत बालाजीरावांनी आंब्याची कलमं लावली. दर रविवारी सकाळी तांबरमपर्यंत बस, पुढे शेअर ऑटो आणि शेवटी पायी, असा त्यांचा नेम होता.

जमीन खरी सांभाळायची ती धनलक्ष्मी. शेजारच्याच वस्तीतली, नवरा गेलेली, मुलगा मुरली कंपनीची बस चालवायचा. पत्र्याच्या एका खोलीत ती राहायची, एक गाय पाळायची, मोगऱ्याचे वाफे करायची आणि फुलं तांबरमच्या बाजारात पाठवायची. कलमांना पाणी ती घालायची. मालक आणि नोकर असं नातं ते नव्हतंच. बालाजीराव तिला धनम म्हणत, ती त्यांना अय्या म्हणे, आणि आंबे उतरले की अर्धे तिच्याकडे जात. एवढ्या वर्षांत दोघांत वाकडा शब्द नव्हता.

जमिनीला तारेचं कुंपण होतं. आत यायच्या जागी मात्र फाटक असं नव्हतंच. वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्यांचा एक भारा तिथे आडवा टाकलेला असायचा. आत यायचं तर दुबेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, काठीने तो बाजूला ओढायचा आणि आत आल्यावर परत जागेवर लोटायचा. धनम दर उन्हाळ्यात नव्या फांद्या तोडून आणायची आणि दर उन्हाळ्यात म्हणायची, "अय्या, लोखंडी गेट बसवा, कुलूप घाला. आता दिवस पूर्वीसारखे नाहीत." बालाजीराव हसून म्हणायचे, "इथे चोरण्यासारखं आहे काय?"

चोरण्यासारखं नव्हतं, पण चिखल होता. चिखलाच्या मागे शहरातली माणसं जिवाचा आटापिटा करून येतात, हे बालाजीरावांना माहीत असायचं कारण नव्हतं.

एका रविवारी ते पोचले तर धनम रस्त्यावर उभी राहून घसा फोडत होती. कुंपणाची तार तुटलेली, काट्यांचा भारा चाकाखाली चेंगरलेला आणि आत पाच-सहा जीपगाड्या. टायर माणसाच्या छातीला लागतील असले. एक गाडी खड्ड्यात रुतली होती, दुसरी तिला दोराने ओढत होती, बाकीचे शिट्ट्या मारत होते. मोगऱ्याच्या एका वाफ्यावरून चाकं सरळ गेली होती. बालाजीरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुबेळक्याची काठी उचलून ते धावत सुटले, तमिळमध्ये जे जे तोंडाला येईल ते बोलत.

"ए, म्हातारा भडकलाय! काढ गाडी, लवकर काढ," त्यांतला एक जण दुसऱ्याला ओरडला.

उगारलेली काठी होती तिथेच थांबली. बालाजीरावांनी त्या पोराकडे पाहिलं, आणि इतका वेळ अंगात संचारलेला तो संताप कुठल्या कुठे गेला.

"तुमी मराठी?" त्यांनी विचारलं.

पोराने हेल्मेट काढलं. तिशीतला, गोरा, चिखलाने माखलेला. "हो काका. मी दर्शन, पुण्याचा. इथे सिरुसेरीला आयटीत आहे. सॉरी हं, मॅपवर ही मोकळी जागा दिसत होती. कुणाची आहे ते माहीत नव्हतं."

तुटलेल्या तारेकडे पाहून हे बोलायलासुद्धा तोंड लागतं. पण बालाजीरावांना तार दिसतच नव्हती. "पुण्याचे!" ते म्हणाले. "मग असे उन्हांत कां उभे? येवा, येवा. काप्पी घेवा. धनम, काप्पी पोडम्मा!"

धनमने अय्याकडे पाहिलं, चेंगरलेल्या वाफ्याकडे पाहिलं आणि चूल पेटवायला आत गेली. तंजावरकडच्या मराठी घरातून कॉफी न पिता कुणी उठत नाही हे तिलाही इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. तिने दुधाचं भांडं जरा आपटूनच चुलीवर ठेवलं.

तेव्हापासून ते यायला लागले. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एक-दोनदा तरी. येण्याआधी दर्शन फोन करायचा, आणि तो फोन आला की बालाजीराव लग्नघरासारखे घरभर फिरायचे. सदरा इस्त्रीचा, कपाळाला अंगारा, पिशवीत ताजी कॉफीपूड. लवकर जाऊन तो काट्यांचा भारा ते आपल्या हाताने बाजूला ओढून ठेवायचे, पाहुण्यांना खाली उतरायला लागू नये म्हणून. पोरं गाड्या उडवून दमली की कलमांच्या सावलीत बसायची आणि म्हणायची, "काका, बोला ना काहीतरी. तुमची मराठी ऐकायला भारी वाटतं. एकदम पेशवाईत गेल्यासारखं." काका बोलायचे. पोरं फोन त्यांच्यासमोर धरायची. "जालं" म्हटलं की एकमेकांना कोपरं मारायची. बालाजीरावांना वाटायचं, काय कौतुक आहे या पोरांना आपल्या भाषेचं!

सहानाने एकदा हटकलं. तमिळमध्येच. "अप्पा, आपल्या जागेत कुणाला काही झालं तर पोलीस आपल्याला विचारतील. कोण कुठली माणसं, त्यांच्याकडून काही लिहून घेतलंय का?"

"आपल्याच माणसांकडून लिहून काय घेवायचं?" बालाजीराव म्हणाले.

"आपली म्हणजे?"

याचं उत्तर द्यायला ते खुर्ची पुढे सरकवणार होते, पण सहाना डबा भरायला स्वयंपाकघरात निघून गेली.

धनम दुसऱ्या तऱ्हेने बोलली. गाय बुजते, दूध कमी झालं, असं आधी म्हणून पाहिलं. मग सरळच म्हणाली, "अय्या, ती पोरं समोर बघत नाहीत. आभाळाकडे बघून गाडी चालवतात." बालाजीरावांनी दर्शनला सांगितलं, वाफ्यांच्या बाजूला जाऊ नका. "नाही काका, अजिबात नाही," दर्शन म्हणाला, आणि पोरं तेवढं पाळतही होती. ती खड्ड्याच्या उत्तरेच्या ढिगावरूनच गाड्या चढवायची. म्हणून गवत कापायला धनम दक्षिणेच्या ढिगामागे जाऊ लागली. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप तशी वाटणी झाली होती.

डिसेंबरात पाऊस होऊन गेला. वेलचेरीत नेहमीप्रमाणे तळमजल्यांत पाणी शिरलं, ओसरलं, आणि पुढच्याच रविवारी दर्शनचा फोन आला. असा चिखल वर्षातून एकदाच मिळतो म्हणे. खड्डा अर्धा भरला होता. उत्तरेचा ढीग पावसाने ढासळून बसला होता, त्यावर आता चढायला काही उरलं नव्हतं. दर्शनने चाक वळवलं, गाडी बालाजीरावांजवळ आणून उभी केली आणि खिडकीतून दक्षिणेच्या ढिगाकडे बोट करून विचारलं, "काका, त्या बाजूने घेतो. चालेल ना?"

"घेवा, घेवा," बालाजीराव म्हणाले. म्हणताना हातही केला, मोठ्या ऐटीत.

ते का म्हणाले? धनम रोज सकाळी तिकडे असते, हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात धनम नव्हतीच. एक मराठी पोरगा आपल्याला विचारतो आहे, आपली परवानगी मागतो आहे, एवढंच होतं. घरात कुणी त्यांना काही विचारून करत नसे. विचारलं गेल्याच्या आनंदात त्यांनी एका बाईच्या अंगावर गाडी सोडली. याला दुसरा शब्द नाही.

जीप घों-घों करत ढिगावर चढली. अशा चढावर चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढे नुसतं आभाळ दिसतं, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. म्हणून शहाणी माणसं आधी एकाला पलीकडे पाठवतात, तो हात करतो आणि मगच गाडी चढते. इथे पलीकडे कुणी गेलं नव्हतं. सगळे अलीकडे फोन धरून उभे होते. गाडी माथ्यावर क्षणभर टेकली आणि पलीकडे घसरली. बालाजीराव टाळ्या वाजवत होते. मग गाय हंबरली, आणि त्या मागोमाग आलेला आवाज गाईचा नव्हता.

चिखल होता म्हणून धनम वाचली. मऊ मातीत ती दाबली गेली, नाहीतर जागीच संपली असती. उजवा पाय मात्र चाकाखाली होता. तिला उचलून त्याच जीपमध्ये घातलं. दर्शन गाडी चालवताना हमसून हमसून रडत होता, "काका, मला दिसलंच नाही हो, आईशप्पथ दिसलं नाही," असं म्हणत होता, आणि मागच्या सीटवर धनमचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले बालाजीराव त्याची समजूत काढत होते. होय, त्याची. मराठीत. सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत बाकीच्या गाड्या कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही.

दुपारी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. मुरली तोवर बस डेपोत लावून धावत आला होता. आणि दर्शनचा वकीलही आला होता, पांढरा शर्ट, दोन फोन. तो आल्यावर दर्शन रडायचा थांबला. त्यानंतर तो बालाजीरावांशी मराठीत एक अक्षर बोलला नाही. जे बोलला ते इंग्रजीत, आणि वकिलाकडे बघून.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर शशिकला नावाच्या बाई होत्या. थकलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी गोष्ट सोपी करून सांगितली. "सर, मला एकच सांगा. ही मुलं तुमच्या जागेत न विचारता घुसली, की तुम्ही त्यांना येऊ दिलं? न विचारता घुसली असतील तर प्रकरण वेगळं होईल, कलमं वाढतील. तुमच्या परवानगीने आली असतील तर हा अपघात होईल. निष्काळजीपणा, बस."

मुरली भिंतीला टेकून उभा होता. बालाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या, खोटं त्यांना लांबून ओळखू यायचं, स्वतः मात्र कधी बोलले नव्हते. पण आता धनमसाठी त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही होतं.

"परवानगी दिली नाही," ते म्हणाले. "कुंपण तोडून आले."

"आज दिली नाही, की कधीच दिली नाही?"

"कधीच नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मुरलीचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात वकिलाने दर्शनला खूण केली आणि दर्शनने आपला फोन टेबलावर ठेवला.

फोनवर बालाजीराव होते. इस्त्रीच्या सदऱ्यात, दुबेळक्याच्या काठीने काट्यांचा भारा ओढून बाजूला करत होते, हसत, "येवा, येवा" म्हणत. दुसऱ्या चित्रफितीत कलमांखाली पोरांमध्ये बसले होते, हातात पितळी पेला. तिसरी आजचीच होती, गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्यातली. दर्शनचा आवाज आणि मग खिडकीबाहेरचा तो ऐटीतला हात. "घेवा, घेवा."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"ही सेज, गो अहेड," दर्शन म्हणाला. खाली मान घालून म्हणाला, एवढी लाज त्याला होती.

बाईंनी ती चित्रफीत पुन्हा लावली. बाजूच्या हवालदाराने तेवढ्यात त्या पोरांच्या ग्रुपचं पान उघडलं होतं आणि तो पुढे पुढे सरकवत होता. तिथे बालाजीराव बऱ्याच ठिकाणी होते. एकात पोरांपैकी कुणी तरी डोक्याला पंचा गुंडाळून, काठी घेऊन, त्यांच्या चालीवर बोलत होतं. "जालं कां? काप्पी जालं कां?" मागे बाकीचे खिदळत होते. खाली हजारो लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. हवालदाराला मराठीचा गंध नव्हता, पण तो हेल त्याला पुरला. तोही हसला. मग बाईंनी डोळे वटारले, तेव्हा त्याने फोन उलटा ठेवला.

बालाजीरावांना तेव्हा कळलं की इतके दिवस ती पोरं दोन गोष्टींसाठी येत होती. एक चिखल, आणि दुसरे ते स्वतः. कळून उपयोग काय होता? अपमान गिळायलाही त्यांना सवड मिळाली नाही, कारण इन्स्पेक्टरबाई बोलत होत्या.

"सर, तुम्ही मोठे आहात म्हणून जास्त बोलत नाही. तुम्ही त्या बाईला मदत करायला गेलात, मला समजतं. पण आता तुमची पहिलीच जबानी खोटी निघाली. उद्या कोर्टात तुम्ही सांगाल की पलीकडे कुणी माणूस उभा नव्हता, गाडी जोरात होती, आणि ते खरंही असेल. पण हे वकील आधी ही सही दाखवतील. त्या जखमी बाई सोडल्या तर तुमच्याशिवाय साक्षीला आहे कोण? बाकी सगळी त्यांचीच पोरं." त्यांनी मुरलीकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

म्हणजे खरं सांगितलं असतं तर पोरांचा निष्काळजीपणा तरी सिद्ध झाला असता. खोटं सांगून बालाजीरावांनी तोही घालवला. संध्याकाळच्या आत दर्शनला जामीन मिळाला. ठाण्याच्या दारात तो क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण वकिलाने गाडीचं दार उघडून धरलं होतं.

मुरलीने बालाजीरावांना शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही स्वतः बाजूला ओढत होता, अय्या? आईने रोज लावलेला तो भारा?" आणि इस्पितळाकडे जाणाऱ्या बसची वाट बघत रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

दोन आठवडे बालाजीराव घराबाहेर पडले नाहीत. सहाना आधी रागावली, मग घाबरली. शेवटी एका सकाळी ते इस्पितळात गेले. धनम खाटेवर उशीला टेकून बसली होती. चादर एका बाजूला सपाट पडलेली, तिकडे त्यांना बघवेना. मुरली औषधं आणायला गेला होता. गाय मेहुणीकडे नेली, तिने सांगितलं. मोगरा बहुतेक गेला असेल. आता जमिनीवर परत येणार नाही, मुरलीच्या खोलीवर राहणार, एकच जिना आहे, बसून बसून चढता येईल. हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. बालाजीराव स्टुलावर बसून ऐकत होते. क्षमा मागायची म्हणून आले होते, शब्द वाटेत पाठ केले होते, तमिळमध्ये.

"मुरलीने सांगितलं मला," धनम म्हणाली. "ठाण्यात काय झालं ते."

बालाजीरावांनी मान हलवली.

"माझा राग नाही असं म्हणणार नाही, अय्या. आहे. पण एक विचारते." ती थोडी पुढे झाली. तिला खरोखरच कुतूहल होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुम्ही तास तास त्या पोरांशी बोलत बसायचा. मी चुलीपाशी असायची, मला तुमची भाषा कळत नाही. तुम्ही इतके खूश दिसायचा की मी मनात म्हणायची, असू दे, गाय बुजली तर बुजली. अय्याला इतकं हसताना अम्मा गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. तुम्ही एवढं काय बोलायचा?"

बालाजीराव आठवू लागले. एक पूर्ण वाक्य आठवावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या पोरांनी त्यांना कधी काही विचारलं होतं का, भवानीबद्दल, तंजावरबद्दल, आजोबांबद्दल? त्यांनी स्वतः तरी काही सांगितलं होतं का, जे कुणाच्या लक्षात राहील? बाजूच्या खाटेवरची बाई कण्हत होती. नर्स ट्रॉली ढकलत गेली. धनम वाट बघत होती.

"काही नाही, धनम," ते शेवटी तमिळमध्ये म्हणाले. "काहीच नाही."